टोकाच्या बांधीतली हाक

चंद्रपूरहून निघालेली एसटी मूल गाव ओलांडते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या सुरू होतात. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेलं धानाचं लहानसं शेत. चित्रा नक्षत्रात त्या बांध्यांमधून एक वास येतो. धान निसवत असतं, लोंबी नुकती पोटातून डोकं बाहेर काढत असते, तिच्यात दाणा नसतो, नुसतं दूध असतं. वास त्या दुधाचा. थोडा कच्च्या तांदळाचा, थोडा भिजलेल्या गोणपाटाचा. शेजारच्या सीटवरची बाई मान टाकून झोपलेली असते, कंडक्टर कुणाच्या तरी कोंबड्यांच्या टोपलीवरून वाद घालत असतो, आणि मी काच सरकवून नाक बाहेर काढून बसते. पन्नाशी उलटलेल्या बाईनं असं करू नये. पण घरी गेल्यावर नाक का लाल झालं, असं विचारणारं कुणी नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी वैनगंगेपलीकडच्या एका गावात दोन वर्षं राहिले. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर माझी चूक त्याच्या नावावर चढेल, आणि गावाचा त्यात दोष नव्हता. मी एका संस्थेत होते, पाणलोटाच्या कामावर. माझ्या हुद्द्याचं नाव होतं लोकसहभाग संघटक. त्या लोकांना त्यांच्याच गावाच्या कामात सहभागी करून घ्यायला मला चंद्रपूरहून पाठवलं होतं, यात काही हसण्यासारखं आहे असं तेव्हा मला अजिबात वाटत नव्हतं. मी तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली बाई पाहायची असेल तर ती मी होते.

खोली मिळाली येणूबाईकडे. येणूबाई तेव्हा पंचावन्नची असेल. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन सिंदेवाहीकडे. घर मातीचं, पुढे ओसरी, मागे सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, आणि मिरचीचे चार वाफे. मला तिनं धान्याच्या कोठीशेजारची खोली दिली. त्या खोलीला वर्षभर भाताचा वास यायचा आणि उंदीर माझ्या वह्यांपेक्षा कोठीचाच जास्त विचार करायचे. येणूबाई फार बोलायची नाही. संध्याकाळी चुलीपुढे बसली की भाकर थापता थापता एखादं वाक्य टाकायची आणि ते उचलायचं की नाही हे माझ्यावर सोडायची. मी तर बोलण्याचाच पगार घेत होते. तरी रविवारी, मीटिंग नसायची तेव्हा, आम्ही दोघी ओसरीच्या दोन टोकांना बसून कोंबड्यांकडे पाहत असायचो. दोन एकट्या बायका एका छपराखाली राहिल्या म्हणजे एकटेपण कमी होतं, असं काही नाही. दोघींचं वेगवेगळं राहतं, एवढंच.

गावाच्या वरच्या अंगाला टेकडी होती, टेकडीखाली जुना तलाव. मालगुजारांच्या काळातला. पाळीवर मोहाची झाडं, पाण्यात कमळाची पानं, कडेला मासेमारी करणाऱ्या ढिवरांचे दोन डोंगे. तलावाखाली पाट, आणि पाटाच्या दोन्ही अंगांना उतरत्या पायऱ्यांसारख्या बांध्या. सगळ्यात शेवटी, जिथे पाट बोटाएवढा होऊन संपतो, तिथे येणूबाईच्या दोन बांध्या. वर्षभराचा तिचा भात त्या दोन बांध्यांत असायचा.

आणि तलावाचा माणूस होता डोमाभाऊ. गावाचा पाणकर. साठी ओलांडलेला, काळा, हडकुळा, कानात पितळेची बाळी. तलावाचं पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं, हे तो ठरवायचा. पाळीत एक दगडी मोरी होती, तिला तिथे तुडुम म्हणतात. तिच्या तलावाकडच्या अंगाला पाण्यात उतरत जाणाऱ्या पाच पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक भोक, भोकात लाकडी बूच. पाणी जितकं खाली जाईल तितकं खालचं बूच काढायचं. डोमाभाऊ बुडी मारायचा आणि बूच हातात घेऊनच वर यायचा. त्याला ते काम त्याच्या बापाकडून आलेलं. मोबदला म्हणजे कापणीच्या वेळी प्रत्येक बांधीवाला एक भारा त्याच्या ओसरीत आणून टाकायचा. त्याला पाण्याचा भारा म्हणत.

पहिल्या वर्षी चित्रा नक्षत्रात त्यानं बूच काढलं तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेले होते. सकाळचं कोवळं ऊन, पाळीवर गवत ओलं. डोमाभाऊ पाण्यातून बाहेर आला, अंगावरचं पाणीही न पुसता पाळीवर उभा राहिला आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडला, "सोडलोऽऽ!"

मग तो वाट पाहत बसला. बऱ्याच वेळानं पहिल्या बांधीतून आवाज आला, "आलंऽऽ!" मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. पाणी जसं खाली सरकत होतं तसा आवाज खाली सरकत होता. कुणाचा जाड, कुणाचा किनरा, एक आजोबा तर नुसतं खोकून कळवायचे. दुपार कलली तेव्हा अगदी लांबून, बारीक, येणूबाईचा आवाज आला, "आलंऽऽ!" त्यानंतरच डोमाभाऊ उठला. टोकाची हाक येईपर्यंत पाणकरानं तुडुमाजवळून हलायचं नाही, जेवायचंही नाही, हा रिवाज. आणि टोकावरून "नाई आलं" अशी हाक आली, तर वरच्या प्रत्येकानं आपल्या बांधीचं तोंड चिखलानं बंद करायचं आणि पाणी खाली जाऊ द्यायचं. आपलं भिजलं की नाही, हे नंतर.

मी वहीत लिहून घेतलं. "पारंपरिक पाणीवाटप. नोंद घेण्यासारखे." आणि नोंद घेऊन पुढे गेले.

नकाशाचा दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. देवळापुढचं अंगण सारवून घेतलं होतं. गावानं आपलं शिवार स्वतः रांगोळीनं काढायचं, अशी पद्धत. बायकांनी पाळ काढली, पाट काढला, घरं काढली. हळदीनं धान, पालापाचोळ्यानं जंगल, कपड्याच्या निळीनं तलाव. हशा, भांडणं, "माही बांधी एवढीशी काऊन केली व?" वगैरे. टेकडीचा उतार तेवढा कोरा राहिला. तिथे कुणाची शेती नव्हती. चार मोहाची झाडं, खडक, गवत. सातबाऱ्यावर पड.

डोमाभाऊ इतका वेळ मागे उकिडवा बसला होता. तो उठला, निळीची पुडी उचलली आणि त्या कोऱ्या उतारावर बोटानं रेघा ओढू लागला. एक, दोन, मग बऱ्याच. झाडाच्या मुळ्यांसारख्या, सगळ्या तलावाकडे येणाऱ्या.

"डोमाभाऊ, इथे नाला नाहीये," मी म्हणाले. माझ्याकडे सरकारी नकाशा होता. त्यात नाला नव्हता.

"नाला नाई जी, म्याडम. पानी हाये."

"कुठलं पाणी?"

"पानी पडते तवा सारी टेकडीच येते खाली. तलाव का आपल्या मनानं भरते?"

लोक हसले. मीही हसले. तो हसला नाही, खाली बसून शेवटची रेघ तलावात नेऊन मिळवली आणि धोतराला बोटं पुसली. कितीतरी दिवस त्या धोतरावर तो निळा डाग होता.

संध्याकाळी तो नकाशा मी कागदावर उतरवला. निळीच्या रेघा घेतल्या नाहीत. घेतल्या असत्या तर वरच्या कार्यालयात विचारलं असतं, हे नाले कुठले. आणि पुढचं सगळं काम त्या कोऱ्या उतारावरच होणार होतं. माथ्यापासून पायथ्याकडे यायचं, टेकडीवर आडवे चर खणायचे, पळणारं पाणी जागीच थांबवायचं, मुरवायचं, हेच तर मी शिकून आले होते. मी त्या उताराच्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं, पड. त्या दोन अक्षरांनी टेकडीचं पाणी पुसलं गेलं. मी एवढी सुबक अक्षरं काढते की लोक विचारतात, शाळेत बक्षीस मिळालं होतं का. मिळालं होतं.

ग्रामसभेत डोमाभाऊ एकदाच बोलला. "चर खंदा, नाई म्हणत नाई. पन मधात पान्याले वाट ठेवा." मी इतिवृत्तात लिहिलं, एक सूचना आली, तिचा विचार करण्यात येईल. सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. तो अंगठा द्यायला उठेना. तेव्हा मी स्टँपपॅड घेऊन त्याच्याजवळ गेले, खाली बसले आणि गोड आवाजात म्हणाले, "भाऊ, तुमच्याशिवाय कसं होईल?" त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा पुढे केला. मला वाटलं, जिंकले. आज वाटतं, त्याला माझी कीव आली असावी. पोरगी लांबून आली आहे, हिचं काम अडायला नको.

उन्हाळाभर चर खणले. खोटं कशाला बोलू, ते दिवस फार सुंदर होते. साठ-सत्तर माणसं टेकडीवर, मोह वेचून झालेले, तेंदूपत्त्याला अजून वेळ. बायका टोपल्या फेकता फेकता गाणी म्हणायच्या. दुपारी सावलीत डबे उघडले जायचे आणि मला एकाच वेळी पाच जणींकडून सुकवलेल्या वास्त्याची भाजी मिळायची. बांबूच्या कोंबांची ती भाजी मी इतकी खाल्ली की आता नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं. आयुष्यात तेवढ्या लोकांच्या मधोमध मी परत कधी बसले नाही.

डोमाभाऊही यायचा. घमेलं उचलायचा. गावाचं काम म्हटल्यावर घरी बसणं त्याला जमणारं नव्हतं. मात्र जेवायला तो वेगळा, एका मोहाखाली, तलावाकडे तोंड करून बसायचा.

पावसाळा आला आणि चर तुडुंब भरले. फोटो काढले. विहिरींचं पाणी वर आलं, हेही खरं. टेकडीच्या पायथ्याशी ज्यांच्या विहिरी होत्या त्यांनी माझ्या हातात पेढा ठेवला. मी हवेत होते. फक्त तलाव भरत नव्हता. आषाढ गेला, श्रावण गेला. पोळ्याला बैल धुवायला पाण्यात नेले तर त्यांना चिखलातून लांब चालावं लागलं. "उत्तरा पडल्या तं भात कुत्रा खाईना," असं म्हणत सगळे आभाळाकडे डोळे लावून बसले. उत्तरा कोरड्या गेल्या. हस्तानं दोन सरी टाकल्या, त्या चरांनी पिऊन टाकल्या. चित्रा लागलं तेव्हा तुडुमाच्या पाचपैकी खालच्या दोनच पायऱ्या पाण्यात होत्या.

मला कळलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. पोळ्याच्या दिवशी बैल चिखलातून चालताना पाहिले तेव्हाच माझ्या डोळ्यांपुढे निळीच्या रेघा आल्या होत्या. पण पारावर लोक म्हणत होते, "पानकर पानी कुठी जिरवते बाप्पा?" कुणी म्हणालं, म्हातारा झाला, बूच नीट बसवत नाही, पाणी झिरपून जातं. कुणी म्हणालं, ढिवरांच्या मासोळीसाठी अडवून ठेवतो. आणि मी त्यांच्यात बसून मूग गिळत होते. उठून एवढंच म्हणायचं होतं, की पाणी डोमाभाऊनं नाही, आपण वर अडवलंय, आणि त्यानं ते सांगितलं होतं. एक वाक्य. रोज अडीचशे वाक्यं बोलणाऱ्या बाईला ते सुचलं नाही असं नाही, जमलं नाही.

धान निसवायला लागलं. या दहा दिवसांत मुळाशी पाणी नसेल तर लोंबी पोचट निघते. डोमाभाऊनं सकाळी सगळ्यात खालचं बूच काढलं आणि हाक दिली. मी त्या दिवशी पाळीवर गेले नाही, तोंड दाखवायची लाज वाटत होती. मी येणूबाईबरोबर टोकाच्या बांधीत उभी राहिले.

वरून हाका येत राहिल्या. पण दोन हाकांमधलं अंतर वाढत गेलं. येणूबाईच्या वरची बांधी भिजायलाच दुसरा दिवस उजाडला. पाटात पाण्याची धार नव्हतीच, नुसता ओलावा सरकत होता. जमिनीला भेगा. धानाची पानं दुपारी सुरळी होऊन उभी राहायची. आणि लांब पाळीवर डोमाभाऊ बसलेला दिसायचा, एवढासा, काठीसारखा. सकाळपासून दुपार, दुसरी सकाळ, पुन्हा दुपार. सून भाकर घेऊन गेली, तर त्यानं ती फडक्यातच राहू दिली. अंगात ताप होता म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी येणूबाईनं कमरेला पदर खोचला. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओरडली, "आलंऽऽ!"

मी तिच्याकडे पाहतच राहिले. तिच्या पायाखाली धूळ होती.

लांबवर डोमाभाऊ उठला. थोडा वेळ उभा राहिला. मग पाण्यात उतरून बूच बसवून हळूहळू घराकडे निघाला.

"येणूबाई, हे काय केलंत? नाही आलं म्हटलं असतं तर वरच्यांनी तोंडं बांधली असती!"

"बांधली असती नं. मंग? तलावात हाये किती?" ती धानाकडे बघत म्हणाली. "त्यायचं बी सुकलं असतं, माहं बी वाचलं नसतं. अन् भांडनं त्याच्या डोक्यावर. त्या बुढ्याले तापात काऊन उपाशी बसवाचं?"

पुढे मी जे केलं ते सांगायला मला इतकी वर्षं लागली. महिन्याअखेर अहवाल द्यायचा होता. काम यशस्वी झालं का, या रकान्यात मी लिहिलं, की तलावाचं पाणी या वर्षीही शेवटच्या बांधीपर्यंत पोचलं, तसं टोकाच्या महिला शेतकऱ्यानं स्वतः पुकारून सांगितलं. शब्द न् शब्द खरा. तिनं पुकारलंच होतं. साहेबांनी वाक्याखाली रेघ मारली आणि म्हणाले, याला म्हणतात लोकसहभाग. काम पूर्ण झाल्याची नोंद झाली. पूर्ण झालेल्या कामात नंतर कुणी वाट ठेवायला येत नाही.

कापणीच्या दिवसांत येणूबाईनं दोन बांध्यांतून हाताला लागलं तेवढं कापलं. त्यातला एक भारा बांधून ती डोमाभाऊच्या ओसरीत टाकायला निघाली. मी बरोबर होते, का कोण जाणे. पाण्याचा भारा. डोमाभाऊ खाटेवर बसला होता. त्यानं भाऱ्यातली एक लोंबी ओढून तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. तळहातावर एकही दाणा उरला नाही.

"येणू, तुह्या बांधीत पानी आलंच नव्हतं."

"आलं व्हतं जी. धानच पोचट निंगाला यंदा."

मग त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं सुनेला हाक मारली आणि म्हणाला, "म्याडमले च्या ठेव." मी तो चहा प्यायले. गोड होता. इतका गोड चहा मला नंतर कधी प्यावासा वाटला नाही, मी बिनसाखरेचा पिते.

त्यानंतर डोमाभाऊनं बूच काढायला पाण्यात पाय घातला नाही. कुणी त्याला काढलं नाही, त्यानंच सोडलं. मी बदली मागून घेतली. तो गेल्याचं कळलं तेव्हा मी चंद्रपुरात होते, दोन दिवसांची रजा सहज मिळाली असती. गेले नाही.

आता मी चंद्रपुरातच राहते. दोन खोल्यांचा फ्लॅट, तिसरा मजला. वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काढायला गेलं की दोरीवर कोळशाची काळी भुकटी असते. योजनांच्या यशोगाथा लिहून देण्याचं काम करते, हात चांगला बसला आहे. शेजारी चांगले आहेत. जिन्यात भेटले की हसतात. कधी कधी दिवसभरात मी तोंडातून काढलेला एकमेव शब्द दूधवाल्याशी असतो. त्याचंही काही वाटत नाही. वाटतं ते फक्त चित्रा लागलं की. खालून कुणी कुणाला मोठ्यानं हाक मारली तरी मी हातातलं टाकून गॅलरीत येते. कुणीतरी कुणाला तरी, "गाडी काढऽऽ" म्हणत असतं.

यंदा उन्हाळ्यात फोन आला. "म्याडम, मी सुनंदा. डोमाभाऊची सून." तापात भाकर घेऊन गेलेली, माझ्यासाठी चहा ठेवलेली तीच. आता ती गावाची पाणकर होती. तलावात बेशरमीच्या झुडपांचं रान माजलं होतं, ते ढिवरांच्या बायकांनी आणि तिनं मिळून दोन उन्हाळे उपटलं होतं. आणि आता ग्रामसभेनं ठरवलं होतं की वरच्या चरांना मधून वाट करून द्यायची, विहिरींपुरतं राहू द्यायचं, बाकीचं तलावाला. इतक्या वर्षांत सगळ्यांना दिसलं होतं जे दिसायचं ते. पायथ्याला दोन-दोन पिकं, तलावाखाली कोरड. टोकाच्या बांध्यांमध्ये धान लावणं कधीच बंद झालं होतं. धुऱ्यावरची तूर बांधीत उतरली होती.

"मामाजीनं निळीच्या रेघा काढल्या व्हत्या म्हंते येणूबाई. तुमच्या नकाशात असन न त्या? कुठून वाट काढाची ते समजन."

मी फोन धरून उभी होते. नकाशा माझ्याकडे होता. कपाटात, प्लास्टिकच्या वेष्टनात, सुबक.

"नाहीत," मी म्हणाले. "मी घेतल्या नव्हत्या."

ती म्हणाली, "बरं. मंग पानी पडन तवा पाहू."

आणि त्यांनी पाहिलं. मृगाच्या पावसात बारा-तेरा बाया डोक्यावर प्लास्टिक घेऊन टेकडीवर फिरल्या, पाणी कुठून निघतं, कुठे अडखळतं ते बघत. येणूबाई काठी टेकत गेली. मोह वेचून वेचून तिच्या पायांना तो उतार पाठ होता. जिथे पाणी दिसलं तिथे त्यांनी दगड मांडले आणि मग कुदळी चालवल्या. मला हे सगळं येणूबाईनं फोनवर सांगितलं, चार वाक्यांत. पाचवं वाक्य होतं, "यंदा एक बांधी रोवली. चित्रात या."

म्हणून ही एसटी.

तलाव पूर्ण भरलेला नाही. तुडुमाच्या तीन पायऱ्या पाण्यात आहेत, चौथी ओली दिसते. एका पावसात सगळं परत येत नसतं. पण पाण्यात आभाळ दिसतं आहे आणि एका कडेला कमळाची चार पानं. सुनंदा पदर खोचून पाण्यात उतरली तेव्हा पाळीवर बरीच माणसं जमली होती. तिनं बुडी मारली. ती बूच घेऊन वर आली. मी तिथून निघून येणूबाईच्या मागे धुऱ्यांवरून चालत टोकाला आले.

येणूबाई आता वाळली आहे, पाठीत वाकली आहे. दोन बांध्यांपैकी एकीत तूर, एकीत धान. धान निसवलं आहे. तोच वास. आम्ही धुऱ्यावर उभ्या राहिलो, पूर्वी उभ्या राहायचो तशाच. लांबून, "सोडलीऽऽ!" असा बाईचा आवाज आला आणि मग एकामागून एक, "आलंऽऽ", "आलंऽऽ". मला काही आवाज ओळखू आले, बरेच आले नाहीत. खोकणारे आजोबा नव्हते.

वरच्या बांधीपर्यंत हाक आली. मग काही नाही. ऊन चढलं, डोक्यावर आलं, कललं. आमच्या पाटात एक ओली रेघ येऊन थांबली होती, हातभर अंतरावर. सुनंदा पाळीवर बसलेली दिसत होती, एवढीशी.

"आलं काऽऽय?" तिची हाक आली. थकलेली वाटली.

येणूबाई म्हणाली, "माहा आवाज जात नाई आता तिथवर. तुमी द्या."

मी हात तोंडाशी नेले. खरं सांगते, "आलं" हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता. ती बाई सकाळपासून उपाशी. एवढ्या वर्षांनी गाव पुन्हा पाटावर उभं. वरच्यांच्या लोंब्यासुद्धा आत्ताच दूध धरत होत्या. कशाला मोडता घालायचा. आणि मला तो शब्द किती छान लिहिता येतो.

मी येणूबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. बांधीत वाकून एका लोंबीला बोटानं चाचपत होती.

"नाई आलंऽऽ!" मी ओरडले.

आवाज फाटला. पुरेसा गेला नाही असं वाटून मी पुन्हा ओरडले, आणखी जोरात, "नाई आलंऽऽ! टोकाले पानी नाई आलंऽऽ!" घसा दुखेपर्यंत. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते मला पुसावंसं वाटत नव्हतं. पाळीवर डोमाभाऊ नव्हता. ही हाक त्याच्यासाठी द्यायची होती, बारा वर्षांपूर्वी, पारावर, सगळ्यांदेखत.

एक बगळा उठला आणि तुरीवरून पलीकडे गेला.

मग वरच्या बांधीतून एक पुरुषी आवाज आला, जरा कुरकुरत, "थांबाऽऽ, बांधून राह्यलो!" तो वाकला आणि चिखलाचा गोळा उचलून त्यानं आपल्या बांधीच्या तोंडावर थापला. त्याच्या वरच्या बांधीत एक बाई वाकली. तिच्या वर आणखी कुणीतरी.

"बसा म्याडम," येणूबाई म्हणाली. "वेळ लागते."

मी धुऱ्यावर, तिच्या शेजारी बसले.